चिंचेतले तीन खिळे

राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाकडे मंगलकार्य निघालं की पहिलं बोलावणं सरोजाबाईंना जाई. मांडवाचा पहिला खांब रोवायचा असो, नाहीतर नव्या घरात दूध उतू घालायचं असो, तमिळ बोलणाऱ्या शेजारणीसुद्धा म्हणत, मामींचा हात लागू दे, पुढचं आम्ही बघतो. सरोजाबाई जात, हात लावत, आणि घरी येऊन तोच हात साबणाने दोनदा धूत. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाई मूळच्या तिरुवैयारूच्या. वडील कावेरीकाठी मुलांना व्हायोलिन शिकवीत. घरात सगळ्यांना सूर होता, हिला तेवढा नव्हता, म्हणून हिच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तंजावूरला सेतुमाधवरावांच्या घरी आली. सेतुमाधवराव शाळेत भूगोल शिकवीत, घरातल्या कशात लक्ष घालीत नसत. घर सासूचं, वेंकूबाईंचं. सोवळं कडक. अकरा वर्षं सरोजाबाईंनी ओल्या नेसूने देवाचा स्वयंपाक केला. सासूने कधी बरं झालंय म्हटलं नाही, पण काम काढूनही घेतलं नाही. सरोजाबाईंनी त्यालाच कौतुक मानलं.

मग धाकट्या दिराचं, जयतीर्थाचं लग्न झालं आणि भुवना घरात आली. भुवना गायची. भाजी चिरताना गायची, विहिरीवर पाणी शेंदताना गायची. वेंकूबाई जपाची माळ बोटांत धरून ऐकत बसत आणि मणी पुढे सरकवायचा विसरत. अशी दोन वर्षं गेली. एका नवरात्राच्या आदल्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, उद्यापासून नैवेद्याचं भुवना बघेल, सरोजेचा हात मिठाला जड आहे.

भुवना कावरीबावरी झाली. म्हणाली, "अक्का असताना मी कशाला?" तिचं ते म्हणणंही सरोजाबाईंना टोचलं.

फुलं घालणाऱ्या बाईने त्यांना वडवारू नदीपलीकडच्या एका माणसाचा पत्ता दिला. तो तोंडं बांधायचा. म्हणजे कुणाची वाचा, कुणाचं भांडण, कुणाची चहाडी बंद करायची असेल तर तो उपाय सांगायचा. त्याने बोटाएवढे लांब तीन खिळे दिले. जिचं तोंड बांधायचं तिचा केस खिळ्याला गुंडाळायचा, मंगळवारी भर दुपारी चिंचेच्या खोडात मारायचा, दर खिळ्याला तिचं नाव घ्यायचं. परसाच्या टोकाला, मागच्या बोळाच्या भिंतीला लागून, चिंच होतीच. भुवनाच्या फणीत केस होतेच. घर जेवून निजलं असताना सरोजाबाई खलबत्त्यातला बत्ता घेऊन परसात गेल्या आणि खांद्याच्या उंचीवर तीन खिळे ठोकून आल्या. जाऊ मरावी, आजारी पडावी, असं त्यांच्या मनात चुकूनही नव्हतं. गाणं थांबावं, एवढंच मागितलं.

तीन महिन्यांनी जयतीर्थाची बदली नागरकोविलला झाली. जाताना भुवना सरोजाबाईंच्या गळ्यात पडून रडली. घर गप्प झालं. स्वयंपाक पुन्हा सरोजाबाईंकडे आला. वेंकूबाई जेवत, पण पानावर बसल्या की दाराकडे बघत.

नऊ वर्षांनी नागरकोविलहून पत्र आलं. भुवनाच्या गळ्याला गाठ झाली होती, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. शेवटी लिहिलं होतं, अक्का, आता माझा आवाज ऐकाल तर हसाल, म्हाताऱ्या बोकडासारखा झालाय.

त्या दिवसापासून सरोजाबाईंनी वही सुरू केली. रोज पहाटे स्नान करून एकशे आठ वेळा श्रीराम लिहायचं. नागरी लिपी त्यांना येत नसे, तमिळ अक्षरांत लिहीत. भरलेल्या वह्यांचा ढीग देवघरात छताला टेकायला आला. लोक त्या ढिगालाही नमस्कार करीत.

पुढे वेंकूबाई गेल्या, मग जयतीर्थही गेला. त्याला नि भुवनाला मूलबाळ नव्हतं. पाच वर्षांपूर्वी भुवना एक पेटी घेऊन परत आली ती राहिली. तिच्या घशातून आता घोगरा, फाटका आवाज निघे, मोठ्याने बोलायचं तर धाप लागे. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर सरोजाबाई तिला गरम दूध देत, मिरी कुटून घातलेलं, गळ्याला बरं म्हणून. भुवना ते निमूट पिई. सख्ख्या बहिणी एवढं करायच्या नाहीत, असं गल्ली म्हणायची. सरोजाबाईंची भुवनावर माया बसली होती हेही खरं. पण मायेपोटी दूध कुठलं आणि भीतीपोटी कुठलं, ते त्यांना स्वतःलाही निवडून सांगता आलं नसतं.

त्या वर्षी ऐप्पसीच्या पावसात, दिवाळीला आठ दिवस असताना, चिंचेवर वीज पडली.

एक मोठी फांदी जळून खाली आली. खोड दुबेळक्यापासून खाली अर्ध्यापर्यंत उभं फाटलं. एक अर्धं अंग बोळावर कललं, आणि त्या बोळातून टायपिंगच्या क्लासची पोरं दिवसभर ये-जा करायची. महापालिकेचा माणूस येऊन बघून गेला, झाड लगेच उतरवा म्हणाला. बंगळुरूहून सरोजाबाईंच्या मुलाने, सुरेंद्रने, फोनवर सगळं ठरवलं. माणूस चांगला मिळाला होता, आपल्याच भाषेचा होता, रघोजी.

सगळे चिंचेबद्दल हळहळले. सरोजाबाई मात्र वीज कशाला आली ते आपल्याला ठाऊक आहे अशा चेहऱ्याने घरात वावरत होत्या. आदल्या संध्याकाळी त्या एकट्याच परसात गेल्या आणि खांद्याच्या उंचीवर खोड चाचपलं. काही लागलं नाही. साल सगळीकडे सारखी, जाड, खरखरीत. एकतीस वर्षांत झाड केवढं वाढलं होतं. त्याबरोबर खिळेही वर गेले असतील, वरच्या फांदीबरोबर जळून पडले असतील. आणि नसले पडले, तर एवढ्या नामस्मरणाने विरले असतील. त्यांना बरं वाटलं. रात्री झोपही लागली.

रघोजी सकाळी सातला आला. पंचेचाळिशीचा, बुटका, छाती मोठी. पूर्वी नारळ उतरवायचा. गजा वादळात सगळ्या मुलखात झाडं आडवी झाली तेव्हा चेनसॉ हातात घेतला आणि पुढे तोच धंदा झाला. बरोबर त्याचा जोडीदार तुळजाराम होता, दोर सांभाळायला. वाळका माणूस, सतत कुरकुरणारा. चिंच बघून म्हणाला, हे झाड नाही, उघडलेली कात्री आहे.

रघोजीने आधी झाडाला दोन फेऱ्या मारल्या. कोयत्याच्या पाठीने खोड ठोकून आवाज ऐकला. फाटलेल्या भागाला तीन ठिकाणी पट्टे आवळले, म्हणजे कापताना खोड उघडून अंगावर येणार नाही. मग मशीन जमिनीवर ठेवलं आणि तिण्णैवर, पुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसलेल्या सेतुमाधवरावांना मागच्या दारी बोलावून आणलं.

त्याची ही रीत होती. घरातल्या थोराने झाडाला हात लावून सांगायचं, पोटात लोखंड आहे का. गावठाणातल्या झाडात काय नसतं? झोपाळ्याचे आकडे, कपड्याच्या तारेचे खिळे, निवडणुकीच्या पाट्या, भूत बांधायचे खिळे. साल वरून बुजून जाते, आत लोखंड तसंच राहतं. फिरती साखळी त्यावर गेली की तुटते, आणि तुटलेली साखळी कुणाला ओळखत नाही. हनुवटीवरचा पांढरा वण दाखवून तो म्हणाला, "हा ओरत्तनाडूचा. तिथले मालक म्हणाले होते, काही नाही."

सेतुमाधवरावांना निम्मं ऐकू आलं नाही. ते म्हणाले, परसातलं सगळं हिला विचारा.

भुवना मागच्या पायरीवर बसली होती. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, कपडे वाळत घालायच्या तारेचा आकडा होता, बोळाच्या बाजूला. रघोजीने साल कोरली, आकडा सापडला, तो उपटला. मग सरोजाबाईंकडे वळला. "आणखी, मामी?"

सरोजाबाईंनी झाडाला उजवा हात लावला. पाठीवर भुवनाची नजर होती. होय म्हटलं असतं तर कसले खिळे, कुणी मारले, का, हे सगळं ओघाने आलंच असतं.

"नाही."

रघोजीने तीनदा विचारायचं म्हणून तीनदा विचारलं. तीनही वेळा त्या नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा तर त्यांनी देवाला करतात तसा झाडाला नमस्कार केला, आणि तो बघून रघोजीनेही टोपी काढली.

दुपारपर्यंत फांद्या उतरल्या. एकेक फांदी दोराला बांधायची, वरून कापायची, तुळजारामने दोर सैल सोडत खाली घ्यायची. बोळापलीकडच्या घरांचं एक कौलसुद्धा फुटलं नाही. सरोजाबाई आत वाल निवडत होत्या. मशीन लाकडात जड आवाज करी, लाकडातून बाहेर आलं की मोकळं ओरडे. तो आवाज बदलला की त्यांचा हात थांबे. फांद्या झाल्या. काही झालं नाही. विरले असतील, त्या मनात म्हणाल्या.

तीनच्या सुमाराला त्या स्वतः कॉफी घेऊन गेल्या. फांद्या नसलेलं खोड पट्टे आवळून नुसतं उभं होतं. रघोजी छातीच्या उंचीवर खडूने रेघ मारत होता. ती रेघ बघून त्यांच्या हातातला कॉफीचा डबरा कलंडला.

"इथं कापणार?"

"होय की."

"खालून कापा. अगदी बुंध्याशी."

रघोजीने समजावलं. बुंधा आतून पोकळ झालाय, वर फाटलंय, खालून कापलं तर खोड मध्येच उकलून मागे फेकलं जाईल. घट्ट लाकूड इथंच आहे, छातीपाशी. कापायचं तर इथंच. मग त्याने विचारलं, "का, मामी? काही आहे?"

त्या वेळी त्यांच्या तोंडात शब्द आला होता. पण भुवना मुरुक्कूची ताटली घेऊन मागोमाग आली आणि म्हणाली, अक्कांना झाड बुंध्यापर्यंत गेलेलं हवं असेल, उभा ठोंब डोळ्यांना टोचेल. सगळे हसले. सरोजाबाईही हसल्या.

"असंच विचारलं," त्या म्हणाल्या, आणि रिकामा डबरा घेऊन आत आल्या.

त्यांनी वालाची परात पुढे ओढली, तेवढ्यात मशीन किंचाळलं. लाकडाचा आवाज नव्हता तो. मग सगळं एकदम थांबलं आणि तुळजारामची हाक आली.

साखळी तुटून चाबकासारखी मागे आली होती. रघोजीच्या उजव्या हातमोज्याचं कातडं फाटून लोंबत होतं, मोज्यातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. सरोजाबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. त्याने डाव्या हाताने त्यांना थांबवलं, हळद नको, डॉक्टर ओरडतात. तुळजारामने पंचा आवळून बांधला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. तिच्यात बसण्याआधी रघोजी मागे फिरला आणि खोडात अडकलेल्या कापाकडे वाकून पाहिलं. ताज्या लाल लाकडात शाई सांडावी तसा निळा-काळा डाग पसरला होता, आणि त्याच्या मध्यभागी चकचकीत, कापलेलं टोक होतं.

"लोखंड," तो म्हणाला.

तुळजाराम रडवेल्या रागाने म्हणाला, तीनदा विचारलं होतं, तीनदा.

रघोजी सरोजाबाईंकडे बघून म्हणाला, "मामींना काय ठाऊक असणार. जुनं झाड आहे."

सरोजाबाईंनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कुणी विचारलं नाही.

रघोजीची दोन बोटं वळवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. सरकारी दवाखान्यात त्या जोडल्या. बोटं राहिली, पण वळतील की नाही ते टाके निघाल्यावर कळणार होतं. चिंचेचं खोड तसंच उभं राहिलं, अर्धवट कापलेलं. बोळाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले, पोरांना लांबून वळसा पडू लागला. पाऊस मधूनमधून चालूच होता.

चौथ्या दिवशी सरोजाबाई बसने तिरुवैयारूला, रघोजीच्या गावी, गेल्या. पिशवीत मोसंबी होती आणि मंत्रालयाच्या मठातून आलेली राघवेंद्रस्वामींची मृत्तिका, अंगाला लावायची पवित्र माती, होती. खरं ते सांगून यायचं असं ठरवून निघाल्या होत्या. बसमध्ये शब्दही जुळवले होते. रघोजीचं घर कालव्याकाठी. त्याची बायको, रंजना, दारात आली आणि त्यांना बघताच पायांवर वाकली. एवढ्या लांबून मामी आल्या म्हणून तिला भरून आलं. नवऱ्याने तिला सांगितलं होतं, त्या बाईंनी झाडाला नमस्कार केला, अशी माणसं आता राहिली नाहीत. रघोजी खाटेवर हात उशीवर ठेवून बसला होता. उठायला लागला तर सरोजाबाईंनी बस म्हटलं.

पिशवीतली मृत्तिका बघून रंजना म्हणाली, "मी देवाला काही मागितलं नाही अजून. कुणाच्या हातून मागू, तेच कळेना. तुम्ही तुमच्या हातानं लावा मामी. तुमचा हात लागला की बोटं वळतील."

सरोजाबाईंनी मृत्तिका पाण्यात कालवली आणि मलमपट्टीच्या कडेला, मनगटावर, बोटाने लावली. रघोजीने डोळे मिटून घेतले होते. रंजनाने हात जोडले होते. पुडीतली उरलेली मृत्तिका तिने देवाजवळ ठेवली. जुळवून आणलेले शब्द तसेच घेऊन सरोजाबाई बस-थांब्यावर आल्या. एक बस समोरून गेली, ती त्यांना दिसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी वही उघडली, पेन टेकवलं, आणि एक अक्षर न लिहिता मिटून ठेवली.

अकराव्या दिवशी रघोजी आला. हात गळ्यात अडकवलेला. मशीन तुळजारामच्या हातात होतं. कापणार तुळजाराम होता, रघोजी फक्त सांगणार होता. तुळजारामचा चेहरा आंबला होता. तो म्हणाला, एक खिळा होता तिथं दुसरा नसेल कशावरून? रघोजी म्हणाला, हळू जाऊ, बोटबोट कापू. मग रीत म्हणून सेतुमाधवरावांना बोलावलं. सेतुमाधवराव पुन्हा म्हणाले, हिला विचारा.

रघोजीने विचारलंच नाही. म्हणाला, मामींना विचारून झालंय. आणि तुळजारामला मशीन सुरू कर म्हणून खूण केली. तुळजारामने हातमोजा चढवला. मोजा नवा होता, त्याची बोटं अजून कडक होती.

"आणखी दोन आहेत," सरोजाबाई म्हणाल्या.

कुणाला नीट कळलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"तीन होते. मी मारलेत. एक तुमच्या साखळीला लागला. दोन आत आहेत."

सेतुमाधवरावांनी काय म्हणाली, काय म्हणाली असं विचारलं.

पहिल्यांदा बोलली ती भुवना. पायरीवरून उठली नाही, तिथूनच विचारलं. "कशाला, अक्का?"

"तुझं गाणं थांबावं म्हणून."

"केस?"

"तुझे. फणीतले."

भुवनाने हात उचलून गळ्यावरच्या जुन्या टाक्यांपाशी नेला आणि मध्येच खाली घेतला. मग ती उठून आत गेली. आत जाताना तिने दार लोटलं नाही, आपटलंही नाही.

रघोजी झाडाकडे वळला. सरोजाबाईंना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंच त्यांना वाटत होतं. त्याने विचारलं, "लांबी केवढी?"

त्यांनी बोट दाखवलं.

"कुठं?"

त्यांनी वरच्या बाजूला हात केला, आता वर गेले असतील म्हणून. रघोजीने मान हलवली. झाड शेंड्याला वाढतं मामी, म्हणाला, खिळा जिथं मारला तिथंच राहतो, वर जाड होतं ते फक्त लाकूड. खिळे मारताना उभ्या होतात तशा उभ्या राहा.

मग सरोजाबाईंना चिंचेसमोर उभं राहावं लागलं, तुळजाराम बघत असताना, नवरा बघत असताना, भिंतीपलीकडून दोन शेजारणींची डोकी वर आली असताना. डावा हात खोडाला टेकवला, उजवा बत्ता धरल्यासारखा उचलला. हाताने जागा बरोबर ओळखली. इथं एक. इथं एक. रघोजीने डाव्या हाताने वेडावाकडा खडू ओढून दोन फुल्या केल्या आणि फुल्यांच्या वर वीतभर एक रेघ मारली.

"इथून काप," तो तुळजारामला म्हणाला. मग सरोजाबाईंना, आवाज न चढवता, "त्या दिवशी तुम्ही बोलला असता तर तेव्हाही इथूनच कापलं असतं. एवढंच काम होतं."

खोड वीस मिनिटांत आलं. दोराने जसं ठरवलं होतं तसं, परसाच्या आत, केळीपासून हातभर लांब. बोळ मोकळा झाला. तुळजारामने मशीन बंद केलं, स्वतःची दहा बोटं उघडमीट करून बघितली. सरोजाबाईंनी कॉफी आणली. तुळजारामने घेतली. रघोजी म्हणाला, पोट भरलंय.

पुढचे काही दिवस भुवना जेवायला आली, भाजी चिरून दिली, दिवा लावला. बोलली कामापुरतं. संध्याकाळी दुधाचा पेला सरोजाबाई पूर्वीच्या जागी ठेवत, सकाळी तो तसाच असे, वर साय धरलेली. भिंतीपलीकडच्या शेजारणींनी गल्लीभर सांगितलं असणारच. पलीकडच्या घरी लग्न होतं. मांडवाचा खांब रोवला तेव्हा ढोल ऐकू आला. बोलावणं आलं नाही. सरोजाबाईंना त्यातून सुटल्यासारखंच वाटलं.

गुरुवारी त्या पुन्हा तिरुवैयारूला गेल्या. रंजनाला त्यांनी अंगणात उभ्यानेच सगळं सांगितलं. तिला नवऱ्याकडून कळलं होतं, तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रघोजी आत होता, बाहेर आला नाही. रंजना घरात गेली आणि मृत्तिकेची पुडी घेऊन आली. ती सरोजाबाईंच्या हातात ठेवली. देवाची वस्तू आहे म्हणून टाकली नाही, म्हणाली. बोटांचं काय, असं सरोजाबाईंनी विचारलं. एक वळतंय, दुसरं नाही, एवढं सांगून तिने गवत उचललं आणि गाईकडे गेली.

त्या संध्याकाळी सरोजाबाईंनी दूध तापवलं, मिरी कुटली, पेला भुवनाच्या समोर ठेवला आणि उठायला लागल्या.

"बसा, अक्का," भुवना म्हणाली.

त्या बसल्या.

भुवना म्हणाली, तिच्या आजीला गाठ होती, आईला होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, आमच्या घरातलंच आहे हे. नागरकोविलला गेली त्याआधीपासून गिळताना अडकायचं. बोलताना तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. "माझा गळा तुमच्या खिळ्यांनी गेला नाही. तेवढं मनातून काढा."

सरोजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भुवनाने ते ओघळू दिलं नाही.

"पण तुम्ही मारलेत ते मारलेतच. मी तुमच्या गळ्यात पडून रडत होते तेव्हा ते तिथं होते. आणि त्या माणसाचं बोट मात्र तुमच्यामुळंच गेलं. ते काही आमच्या घरातलं नव्हे."

"होय," सरोजाबाई म्हणाल्या.

दूध निवत होतं. भुवनाने पेला उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खाली ठेवला.

"उद्यापासून मिरी कमी घाला," ती म्हणाली. "पाच वर्षं सांगीन म्हणते. सासूबाई मिठाचं म्हणाल्या, पण तुमचा हात मिरीलाही जड आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरोजाबाईंनी मिरी मोजून घेतली. चार दाणे. खलात टाकले, बत्ता हातात घेतला, आणि तो तसाच हातात धरून काही वेळ उभ्या राहिल्या. मग एक दाणा काढून परत डब्यात टाकला.